मोबाईल हरवल्यावर पासवर्ड मॅनेजर कसा सांभाळायचा: पहिल्या पंधरा मिनिटांपासून पुढच्या आठवड्यापर्यंत

फोन गेला की आधी शेजारच्याचा फोन मागून आपल्याच नंबरवर रिंग दिली जाते. चार-पाच वेळा रिंग जाते, मग 'स्विच ऑफ' ऐकू येतं. पुढचा तास-दीड तास शोधाशोधीत जातो, मग ती सारंगखेड्याची यात्रा असो, भुसावळचा फलाट असो की जळगावचं नवीन बसस्थानक. ज्याच्या हाती फोन लागला, त्याला कामाला हाच तास पुरतो.

पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्याच्या पोटात त्या क्षणी वेगळाच गोळा येतो. बँक, ईमेल, आयआरसीटीसी, महाडीबीटी, डीमॅट, मुलांच्या शाळेची फी, सगळ्याचे पासवर्ड एकाच ॲपमध्ये! भीती खोटी नाही, पण ती बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी असते. बिटवॉर्डन, वनपासवर्ड, कीपास यांसारख्या ॲपचं कुलूप तोडणं फार अवघड आहे. चोर ते तोडतही नाही, त्याला वळसा घालतो. त्याच्या वाटा तीन: तुमचं सिम, तुमचा ईमेल आणि तुमच्या स्क्रीनचा पिन. म्हणून फोन गेल्यावर पासवर्ड मॅनेजर वाचवायचा म्हणजे आधी या तीन वाटा बंद करायच्या आणि मग ॲपकडे वळायचं. क्रम उलटा झाला की बारा-पंधरा पासवर्ड बदलूनही चोर 'फरगॉट पासवर्ड' दाबून ते पुन्हा बदलू शकतो.

फोनबरोबर नेमकं काय गेलं, हे आधी ओळखा

बिटवॉर्डन किंवा वनपासवर्ड वापरत असाल, तर फोनमध्ये तुमच्या पासवर्डांची एक कुलूपबंद प्रत असते. तिला व्हॉल्ट म्हणतात. ही प्रत एईएस-२५६ पद्धतीने कूटबद्ध केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते आणि तिची किल्ली मास्टर पासवर्डातून, म्हणजे ॲप उघडायच्या मुख्य पासवर्डातून तयार होते. ती तयार करताना मुद्दाम भरपूर गणित करायला लावतात. बिटवॉर्डनच्या नेहमीच्या मांडणीत ही आकडेमोड ६,००,००० वेळा होते. तुम्हाला त्यात क्षणभर लागतो, पण अंदाजाने लाखो पासवर्ड तपासणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला तेवढीच मेहनत करावी लागते. वनपासवर्डमध्ये याशिवाय मास्टर पासवर्डाच्या जोडीला ३४ अक्षर-अंकांची सिक्रेट की असते. कीपासमध्ये कंपनीचा सर्व्हरच नसतो. सगळे पासवर्ड एका फाईलमध्ये असतात आणि ती फाईल तुम्ही ठेवाल तिथे राहते.

हे कुलूप किती टिकेल, ते मास्टर पासवर्डावर ठरतं. २०२२ मध्ये लास्टपास कंपनीकडून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या प्रती चोरीला गेल्या. तेव्हाही खरा धोका होता तो ज्यांचा मास्टर पासवर्ड लहान किंवा सोपा होता त्यांना.

गूगल पासवर्ड मॅनेजरचं गणित वेगळं आहे. क्रोममध्ये 'सेव्ह करू का?' विचारल्यावर आपण 'हो' म्हणत जातो, ते सगळं तिथे जमा होतं. फोनवर ते उघडायला स्क्रीन लॉकच लागतं, म्हणजे बोट नाहीतर पिन. ज्याला तुमचा पिन माहीत, त्याला तुमचे पासवर्ड माहीत. आपल्याकडे खानदेशात बहुतेकांचा 'पासवर्ड मॅनेजर' हाच आहे आणि आपण तो वापरतो हेही कित्येकांच्या लक्षात नसतं. पिन म्हणाल तर १२३४, गाडीचा नंबर किंवा जन्मसाल. तो नातवंडांना पाठ असतो, आणि फोन दुरुस्तीला देताना तोच चिठ्ठीवर लिहून दिला जातो.

आता स्वतःला विचारा: फोन हातातून गेला तेव्हा कोणत्या अवस्थेत होता? लॉक होता आणि व्हॉल्टही बंद होता, तर तुमच्याकडे वेळ आहे. घाई नको, पण क्रम पाळा. बोलता बोलता कोणी हिसकावला, म्हणजे स्क्रीन उघडी होती पण व्हॉल्ट मास्टर पासवर्डाने किंवा बोटाने बंद होता, तर ईमेल आणि मेसेज उघडे पडले असं समजा. स्क्रीन उघडी होती आणि व्हॉल्टही उघडा राहिला होता, किंवा पासवर्ड गूगलमध्येच होते आणि पिन कोणीतरी खांद्यावरून पाहिला असण्याची शक्यता आहे, तर सगळे पासवर्ड दुसऱ्याने वाचले असं धरूनच चाला. पुढची प्रत्येक पायरी या उत्तरावर अवलंबून आहे.

पहिली पंधरा मिनिटं: आधी सिम, मग फोन

आधी सिम बंद करा. फोन कितीही मजबूत लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो. मग तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे. यूपीआयचा पिन त्याला माहीत नसला तरी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीची तारीख आणि ओटीपी एवढ्यावर अनेक बँकांत नवा यूपीआय पिन बनवता येतो. कार्डाचा फोटो गॅलरीत असेल किंवा फोनच्या कव्हरमध्येच कार्ड खोचलेलं असेल, तर त्याचं काम झालंच.

सोबतच्या ज्या माणसाकडे त्याच कंपनीचं सिम आहे त्याच्या फोनवरून १९८ लावा आणि सिम बंद करायला सांगा. नाव, पत्ता, जन्मतारीख, शेवटचं रिचार्ज असं काहीतरी विचारतील. इथे एक अडचण खूप घरांत येते. मुलगा पुण्याला किंवा सुरतेला असतो आणि सिम शिरपूरला राहणाऱ्या वडिलांच्या नावावर असतं. अशा वेळी वडिलांनाच फोन करून माहिती विचारून घ्या, किंवा त्यांनाच कंपनीशी बोलायला सांगा. ई-सिम असेल तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही, त्यामुळे थोडा दिलासा आहे. तरी तेही बंद कराच.

मग फोन लॉक करा. अँड्रॉइडसाठी गूगलची 'फाइंड हब' सेवा आहे. २०२५ पर्यंत तिचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस' होतं. सोबतच्याच्या फोनवर ते ॲप उघडून पाहुणा म्हणून लॉग-इन करता येतं. आयफोन असेल तर आयक्लाउडच्या संकेतस्थळावर 'फाइंड' उघडून 'लॉस्ट मोड' चालू करा. त्यासाठी दुसऱ्या टप्प्याचा कोड (पासवर्डनंतर ओळख पटवायला मागतात तो) लागत नाही, फक्त ॲपल खात्याचा पासवर्ड लागतो. अँड्रॉइडमध्ये 'रिमोट लॉक' नावाची आणखी एक सोय आहे, त्यात नुसत्या मोबाईल नंबरवरूनही स्क्रीन लॉक करता येते. पण ती आधी सेटिंगमध्ये चालू केलेली असावी लागते आणि फोन इंटरनेटला जोडलेला असावा लागतो.

आता कोणी म्हणेल, सिम बंद केलं तर फोनचं इंटरनेट जाईल, मग लॉकचा आदेश पोहोचणार कसा? प्रश्न बरोबर आहे. तुमच्यासोबत दोन माणसं असतील तर एकाने लॉकचा आदेश द्यावा, दुसऱ्याने त्याच वेळी सिमसाठी फोन लावावा. एकटे असाल आणि फोन उघडा असताना हिसकावला असेल, तर आधी लॉक आणि लगेच सिम. फोन लॉक असतानाच गेला असेल तर आधी सिम. लॉक असलेल्या फोनला आणखी एक लॉक लावण्यासाठी ओटीपी चोराच्या हाती राहू देऊ नका.

सगळा डेटा पुसण्याचा, म्हणजे 'इरेज'चा पर्याय समोर दिसला की हात तिकडे जातो. थोडं थांबा. इरेज झाल्यावर अँड्रॉइड फोनचा ठावठिकाणा दिसणं बंद होतं. फोन एसटीच्या सीटवर किंवा लग्नाच्या मांडवात राहिला असण्याची शक्यता असेल, तर लॉक पुरे आहे. तुमची अवस्था तिसरी असेल, म्हणजे व्हॉल्ट उघडा असेल किंवा पिन दुसऱ्याला कळला असेल, तर मात्र फोनची आशा सोडा आणि लगेच पुसा. कीपास वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं: पासवर्डांची फाईल फक्त त्याच फोनमध्ये होती का? तसं असेल तर पुसल्यावर ती कायमची जाईल.

कोणाच्या यंत्रावर बसायचं

पुढची सगळी कामं करायला एक विश्वासाचं यंत्र लागतं. चौकातला सायबर कॅफे, झेरॉक्सच्या दुकानातला किंवा सेवा केंद्रातला संगणक यासाठी अजिबात वापरू नका. तिथल्या माणसावर अविश्वास आहे असं नाही. दिवसभर पन्नास पेनड्राइव्ह लागतात त्या संगणकात काय शिरलंय, ते त्यालाही माहीत नसतं. हरवलेला फोन अजून कुलपात आहे, पण अनोळखी संगणकावर टाइप केलेला मास्टर पासवर्ड कुलपाबाहेर आला. दोन तास उशीर झाला तर चालेल, घरी जा. बहिणीचा, मुलाचा, वडिलांचा फोन घ्या. खासगी विंडो उघडा, 'सेव्ह करू का?' याला 'नाही' म्हणा आणि काम झालं की साइन-आउट करा.

घरी जाण्याचा आणखी एक फायदा आहे. नव्या यंत्रावरून लॉग-इन करताना गूगल संशय घेतं. तुम्ही नेहमी वापरता तो संगणक आणि घरचं वायफाय असेल, तर ओळख पटवणं सोपं जातं.

ईमेल: व्हॉल्टच्या आधी

गूगल खात्यात 'सिक्युरिटी'मध्ये 'युअर डिव्हाइसेस' आहे. तिथे हरवलेला फोन निवडा आणि साइन-आउट करा. मग खात्याचा पासवर्ड बदला. दोन्ही करा, कारण पासवर्ड बदलल्यावर गूगल बहुतेक ठिकाणांहून बाहेर काढतं, पण ओळख पटवायला वापरत असलेली यंत्रं त्यातून सुटू शकतात आणि हरवलेला फोन नेमका तसाच असतो. त्यानंतर रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल तपासा. चोराने तिथे स्वतःचा पत्ता टाकला असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' हेही बघा. येणारा प्रत्येक मेल गुपचूप दुसरीकडे पाठवण्याची सोय तिथूनच होते.

गूगलने दुसऱ्या टप्प्याचा कोड मागितला आणि तो हरवलेल्या फोनवरच येत असेल, तर बॅकअप कोड लागतात. गूगल दहा कोड देतं, प्रत्येक आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून ठेवले असतील तर इथे पाच मिनिटांत काम होतं. नसतील तर नवं सिम चालू होईपर्यंत वाट पाहावी लागते.

आता व्हॉल्ट

इथे एक धोक्याची जागा आहे. घरच्या लॅपटॉपवर तुमचा व्हॉल्ट अजून उघडा असेल, तर काहीही बंद करण्याआधी स्वतःची खात्री करा. मास्टर पासवर्ड शब्दशः आठवतो का? दुसऱ्या टप्प्याचा कोड देणारं ॲप हरवलेल्या फोनवरच होतं का? ते ॲप नसताना आत जाऊ देणारा रिकव्हरी कोड हाताशी आहे का? रोज बोट लावून ॲप उघडणाऱ्याला मास्टर पासवर्ड सहज विसरायला होतो. बिटवॉर्डनसारख्या सेवेत तो विसरला की कंपनीही व्हॉल्ट उघडून देऊ शकत नाही. त्यांच्याकडे किल्ली नसतेच. मास्टर पासवर्ड आठवत नसेल, किंवा कोडचं ॲप हरवलेल्या फोनवरच होतं आणि रिकव्हरी कोडही नसेल, तर लॅपटॉप बंद करू नका, ॲपमधून लॉग-आउट होऊ नका. आधी महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड वहीत उतरवून घ्या, मग पुढचं.

बिटवॉर्डनमध्ये वेब व्हॉल्ट, म्हणजे ब्राउझरमधला व्हॉल्ट उघडा. आधी मास्टर पासवर्ड बदला आणि नंतर 'माय अकाउंट'मध्ये खाली 'डीऑथोराइझ सेशन्स' आहे, ते करा. त्याने तुमच्यासकट सगळी यंत्रं बाहेर पडतात. जुनी सेशन्स बंद व्हायला कधी कधी तासाभराचा वेळ लागतो, हे धरून चाला. दुसरा टप्पा हरवलेल्या फोनच्या ॲपवर होता, तर रिकव्हरी कोडने तो काढून टाका, नव्या यंत्रावर लगेच पुन्हा लावा आणि नवीन रिकव्हरी कोड लिहून घ्या. वनपासवर्डमध्ये यंत्रांच्या यादीत जाऊन हरवलेला फोन काढून टाका आणि सिक्रेट की नव्याने तयार करा. आयफोनचे पासवर्ड ॲपलच्या खात्यावर असतील तर लॉस्ट मोड चालू ठेवा, ॲपल खात्याचा पासवर्ड बदला, पण फोन खात्यातून काढून टाकू नका. काढला तर त्याचं 'ॲक्टिव्हेशन लॉक' सुटतं आणि चोराला तो विकता येतो.

मास्टर पासवर्ड बदलल्याने हरवलेल्या फोनमधली प्रत बदलत नाही, ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. फोन विमान मोडवर असेल तर बाहेर काढण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही आणि त्याच्यातली जुनी प्रत जुन्याच पासवर्डाने उघडते. जुना मास्टर पासवर्ड लांबलचक आणि कोणालाही माहीत नसलेला होता, तर ती प्रत चोराच्या हातात असून नसल्यासारखी आहे. तो 'जळगाव@१२३' अशा थाटाचा होता, किंवा तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला होता, तर आतले पासवर्ड बदलल्याशिवाय सुटका नाही.

आतले पासवर्ड: सगळे एका रात्रीत नकोत

रात्री दोन वाजता झोपेच्या तारेत ऐंशी खात्यांचे पासवर्ड बदलायला बसलात तर निम्मे चुकीचे सेव्ह होतील. पहिल्या दिवशी फक्त पैसा आणि ओळख. नेटबँकिंग, यूपीआय ॲप, डीमॅट, डिजीलॉकर आणि आधारशी जोडलेलं जे जे असेल ते. बँकेला फोन करून मोबाईल बँकिंग आणि यूपीआय तात्पुरतं थांबवायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. पैसे गेलेच असतील तर आधी १९३० ला फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्ह्यांची ही हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी ते गोठवता यावेत म्हणूनच ती आहे, त्यामुळे तिथे मिनिटांना किंमत आहे. बँकेला कळवल्याची वेळ तुमच्याकडे लेखी असावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती, हे बऱ्याच अंशी तो किती लवकर कळवतो त्यावर ठरवलं आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, आयआरसीटीसी, खरेदीची ॲप. नवं सिम आल्यावर व्हॉट्सॲप नव्या फोनवर नोंदवलं की जुन्या फोनवरचं आपोआप बंद होतं. त्याआधीच नातेवाइकांच्या आणि गावाच्या ग्रुपवर कोणाकडून तरी निरोप टाकून घ्या की या नंबरवरून पैसे मागितले तर देऊ नका. केळीचे किंवा कापसाचे व्यवहार व्हॉट्सॲपवर करणाऱ्यांनी आपल्या व्यापाऱ्याला हे स्वतः फोन करून सांगावं. 'दादा, या खात्यावर टाका' असा एक मेसेज हंगामाचं मोल घेऊन जाऊ शकतो.

उरलेली खाती आठवडाभरात. तुमची अवस्था पहिली होती आणि मास्टर पासवर्ड मजबूत होता, तर ही उरलेली नाही बदललीत तरी चालेल.

नवं सिम, पोलीस आणि सीईआयआर

नवं सिम कंपनीच्या अधिकृत दुकानातून घ्या. ज्याच्या नावावर सिम आहे त्या माणसाने मूळ ओळखपत्र घेऊन जायचं असतं. नवं सिम चालू झालं की जुनं तत्काळ मरतं. पण नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत. हा दूरसंचार विभागाचा नियम आहे. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून ओटीपी चोरणाऱ्यांना रोखण्यासाठी तो केला आहे. त्यामुळे 'सिम आलं तरी ओटीपी का येत नाही?' म्हणून दुकानदाराशी भांडू नका आणि पुन्हा पुन्हा ओटीपी मागवून खातं लॉक करून घेऊ नका. फोन करता-घेता येतात. व्हॉट्सॲपचा कोड फोनवरून ऐकण्याचा पर्याय असतो, तो तेवढ्यात वापरा.

पोलीस ठाण्यात जाताना आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक हवा. तो खोक्यावर, बिलावर आणि फाइंड हबमध्ये फोनच्या माहितीतही मिळतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा. हिसकावला असेल तर अर्जात 'हरवला' असं लिहून देऊ नका, जे घडलं ते लिहा. चाळीसगाव ते जळगाव प्रवासात गेला आणि हद्दीचा प्रश्न निघाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो, हे शांतपणे सांगा. रेल्वेत गेला असेल तर १३९ किंवा 'रेल मदद'वर कळवा. भुसावळसारख्या जंक्शनवर उतरलात तर लोहमार्ग पोलिसांकडे थेट जा. रेल्वे सुरक्षा दलही आता सीईआयआरशी (त्याबद्दल पुढे) जोडलं गेलं आहे.

सीईआयआर म्हणजे केंद्र सरकारची मोबाईलच्या आयएमईआयची नोंदवही. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी'वरून तिथे अर्ज करता येतो. पोलीस तक्रारीची प्रत, आयएमईआय, बिल, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी नंबर एवढं लागतं. ओटीपी हवा म्हणून हा अर्ज बहुधा दुसऱ्या दिवशीच होतो, त्याची चिंता नको. नोंद झाली की तो फोन देशातल्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. पण वायफायवर तो चालतो! म्हणून सीईआयआर केलं म्हणजे पासवर्ड सुरक्षित झाले, असं समजू नका. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा.

या दिवसांत एक फोन हमखास येऊ शकतो: 'तुमचा मोबाईल सापडलाय, खात्री करायची आहे, एक कोड आलाय तो सांगा.' किंवा आयफोनचं ठिकाण दाखवणारी लिंक येते आणि उघडली की पासवर्ड मागते. फोन खरोखर सापडलेल्या माणसाला किंवा पोलिसांना तुमचा ओटीपी, पिन, पासवर्ड यातलं काहीच लागत नाही. कोणी कितीही आपुलकीने 'भाऊ' म्हणून बोलला, तरी पोलीस ठाण्यातच भेटू म्हणा.

फोन हातात आहे तोवर करायची तयारी

वर जिथे जिथे 'असेल तर' आलं, ते सगळं आज अर्ध्या तासात करता येतं.

मास्टर पासवर्ड कागदावर लिहा. हो, कागदावरच. घरच्या कपाटातला कागद चोरायला चोराला तुमच्या घरी यावं लागतं, आणि मोबाईल चोरणारा तिथे येत नाही. त्याच कागदावर व्हॉल्टचा रिकव्हरी कोड, गूगलचे बॅकअप कोड, दोन्ही आयएमईआय (डायल पॅडवर *#०६# दाबलं की दिसतात) आणि बँकेचा हेल्पलाइन क्रमांक. दुसरी प्रत बंद पाकिटात माहेरी किंवा भावाकडे ठेवा. हे कोड फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवू नका आणि फक्त व्हॉल्टमध्येही ठेवू नका. ज्या दिवशी ते लागतील, त्या दिवशी फोन आणि व्हॉल्ट दोन्ही तुमच्यापाशी नसतील.

मास्टर पासवर्ड पाच-सहा असंबद्ध शब्दांचा करा. खापर, रेडिओ, मोरपीस, गोदाम, पितळ अशा थाटाचा. हेच शब्द घेऊ नका, आणि आरतीची ओळ, म्हण, कुलदैवत, मुलांची नावं नकोत. बोटाने उघडत असलात तरी आठवड्यातून एकदा तो हाताने टाइप करा, म्हणजे विसरणार नाही.

स्क्रीनचा पिन सहा अंकी करा आणि व्हॉल्टचा पिन त्याहून वेगळा. व्हॉल्ट ॲप सोडताच बंद होईल असं टाइमआउट ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर फोन न उघडताही ओटीपी वाचता येतो. सिमला पिन लावा. तो लावण्याआधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या, कारण तीनदा चुकला की सिम पुन्हा उघडायला पीयूके कोड मागतं. अँड्रॉइडमध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' आणि आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' (आयओएस १७.३ पासून) चालू करा. व्हॉल्टचा दुसरा टप्पा एसएमएसवर ठेवू नका. ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) वापरा आणि त्याची प्रत दुसरीकडे राहील असं करा. गूगल ऑथेंटिकेटर २०२३ पासून गूगल खात्यात प्रत ठेवू शकतं.

व्हॉल्टची प्रत अधूनमधून पेनड्राइव्हवर काढा, पण पासवर्ड लावलेली. साधी सीएसव्ही फाईल काढलीत तर त्यात सगळे पासवर्ड उघडे दिसतात, आणि ती 'डाउनलोड्स'मध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. आजच तिथे एकदा शोधा.

घरातल्या आई-वडिलांच्या फोनवर हे सगळं जमणार नाही. त्यांच्यासाठी तीनच गोष्टी करा: पिन बदला, गूगल पासवर्ड मॅनेजर उघडून त्यात बँकेचे पासवर्ड असतील तर काढून टाका, आणि फाइंड हब चालू आहे का ते पाहा.

फोन परत मिळाला तर

पोलिसांकडून फोन परत मिळतातही, कधी कधी कित्येक महिन्यांनी. मिळाल्यावर लगेच त्यात लॉग-इन करू नका. मधल्या काळात त्यात काय घातलं गेलं ते सांगता येत नाही. आधी फॅक्टरी रीसेट करा, सिस्टिमचं अपडेट घ्या, मग नव्या पासवर्डांनी खाती जोडा. कीपासची फाईल फक्त तिथेच असेल तर रीसेटआधी तेवढी फाईल बाहेर काढून घ्या. मग सीईआयआरवर जुन्या अर्जाचा क्रमांक टाकून फोन अनब्लॉक करा, नाहीतर सिम घालूनही नेटवर्क येणार नाही.